कुऱ्हाडीने तासलेलं छत

15 एप्रिल 2019 च्या रात्री आपल्याकडे लोकसभा निवडणुकीचा धुरळा होता. साडेअकरा वाजत आले असतील. सभांची दृश्यं मध्येच तोडून वाहिन्यांनी पॅरिस लावलं. सीन नदीतल्या बेटावरचं नोत्र दाम कॅथेड्रल पेटलं होतं. छताच्या मधोमध उभं असलेलं सुईसारखं शिखर आधी किंचित कललं, मग कमरेत मोडलं आणि जळत्या छतातून खाली गेलं. माझ्या आईचा त्या शहराशी काही संबंध नाही, त्या धर्माशीही नाही. तरी "अगं बाई" म्हणत ती खुर्चीतून उठली आणि बराच वेळ उभीच राहिली.

राख अजून गरम होती तोवरच वाद सुरू झाला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष इमान्युएल मॅक्रॉन यांनी शब्द दिला: पाच वर्षांत बांधू, आणि पूर्वीपेक्षा सुंदर. तिसऱ्या दिवशी पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी नव्या शिखरासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. झालं! जगभरचे वास्तुविशारद कामाला लागले. कुणी काचेचं छत काढलं, कुणी छतावर हरितगृह, कुणी शिखराच्या जागी आकाशात सोडलेला प्रकाशाचा झोत, आणि एका महाभागाने तर थेट पोहण्याचा तलाव. उलट बाजूने हजाराहून अधिक तज्ज्ञांनी पत्र लिहून सरकारला जरा दमाने घ्यायला सांगितलं. कॅथेड्रलचे मुख्य वास्तुविशारद फिलिप व्हिलनव म्हणाले, आधुनिक शिखर बांधायची वेळ आली तर मी नसेन. त्यावर पुनर्बांधणीचे प्रमुख, माजी सरसेनाध्यक्ष झाँ-लुई जॉर्जलाँ यांनी संसदेच्या समितीसमोर, त्यांनी तोंड बंद ठेवावं, असं अगदी रांगड्या शब्दांत ऐकवलं. शेवटी जुलै 2020 मध्ये ठरलं, जसं होतं तसंच. ओकच्या लाकडाचं छत, त्यावर शिशाचे पत्रे, तेच शिखर. 7 डिसेंबर 2024 ला दारं उघडली. ज्यांनी ते घडवून आणलं ते जॉर्जलाँ हा दिवस पाहायला नव्हते. ऑगस्ट 2023 मध्ये डोंगरात फिरायला गेलेले असताना त्यांचा मृत्यू झाला.

हा निर्णय मला योग्य वाटतो. पण त्याच्या बाजूने जे कारण सगळ्यात मोठ्याने सांगितलं गेलं, ते पटत नाही. आठशे वर्षांपूर्वीचं आहे, पवित्र आहे, त्यात बदल करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं ते कारण.

आता त्या शिखराचंच घ्या. मध्ययुगातलं मूळ शिखर अठराव्या शतकाच्या अखेरीस, धोकादायक झालं म्हणून उतरवून ठेवलं होतं. पुढची कित्येक दशकं नोत्र दामला शिखर नव्हतंच. जे आपण टीव्हीवर पडताना पाहिलं ते व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने 1859 मध्ये पूर्ण केलेलं, म्हणजे आपल्या बोरीबंदर ते ठाणे रेल्वेहून सहा वर्षांनी धाकटं. आणि ते जुन्याची नक्कल नव्हतं; जुन्यापेक्षा उंच, जास्त नटवं, त्याच्या स्वतःच्या कल्पनेतलं होतं. पर्यटक ज्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात ते गच्चीवरचे शिंगवाले, चोचवाले राक्षसही त्याचेच. जीर्णोद्धार म्हणजे इमारतीला अशी पूर्णावस्था देणं, जी कदाचित कधी अस्तित्वातच नव्हती, असं तो उघड म्हणायचा. शिखराच्या पायथ्याशी तांब्याचे सोळा पुतळे होते. त्यातल्या संत थॉमसला त्याने आपला चेहरा दिला आणि शिखराकडे तोंड करून, मान वर करून उभा केला. स्वतःच्या कामाकडे कौतुकाने बघत बसलेला माणूस! हे पुतळे दुरुस्तीसाठी आगीच्या चारच दिवस आधी उतरवले होते, म्हणून वाचले.

तेव्हा 'मूळ रूप' या शब्दाला फार ताणण्यात अर्थ नाही. फ्रान्समध्येच आगीनंतर दुसऱ्या वाटेने गेलेली कॅथेड्रल आहेत आणि ती काही बाटलेली नाहीत. शार्त्रचं लाकडी छत 1836 मध्ये जळलं. त्या काळातलं नवं साहित्य म्हणजे लोखंड. त्यांनी ओतीव लोखंडाचा सांगाडा उभा केला आणि वर तांब्याचे पत्रे घातले. आज तिथे जाणारा भाविक खिडक्यांच्या निळ्या काचा बघतो. वरती लोखंड आहे याची त्याला दादही नसते. रॅन्सचं कॅथेड्रल, जिथे फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक व्हायचे, ते सप्टेंबर 1914 मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्यात पेटलं. वास्तुविशारद आँरी दनू यांनी तिथे काँक्रीटचे छोटे छोटे तुकडे ओतून, लाकूडकामासारखे एकमेकांत अडकवून छत उभं केलं. पैसा बराचसा अमेरिकेतल्या रॉकफेलरांचा. तेही छत शंभरीकडे आलं आहे आणि व्यवस्थित उभं आहे.

म्हणजे पॅरिसलाही लोखंड चाललं असतं, काँक्रीट चाललं असतं, चांगल्या हाताचं नवं शिखरही मी चालवून घेतलं असतं. मग लाकूडच का?

माझं उत्तर आहे, सुतारांसाठी.

जळालेल्या छताला तिथे 'जंगल' म्हणत. बाराव्या-तेराव्या शतकातल्या ओकच्या तुळयांची इतकी दाटी होती. त्या तुळया करवतीने कापलेल्या नव्हत्या. एका झाडातून एक तुळई, झाडाचा गाभा बरोबर मधोमध राहील अशी, कुऱ्हाडीने चौफेर तासून काढलेली, आणि तीही ओल्या लाकडाची. वाळवून, कापून, रंधून गुळगुळीत केलेलं लाकूड ही आपली सवय. त्या सुतारांनी झाडाला जिथे बाक होता तिथे तुळईलाही बाक ठेवला. करवत सरळ रेषेत जाते आणि वाटेत येणारे तंतू तोडते. कुऱ्हाड तंतूंच्या कलाने जाते, म्हणून तुळई मजबूत राहते. हे शहाणपण एकविसाव्या शतकात कुणाच्या हातात शिल्लक आहे का, हा खरा प्रश्न होता.

थोडं होतं. बरगंडीत गेदलाँ नावाच्या जागी 1997 पासून तेराव्या शतकातला वाटावा असा एक किल्ला बांधताहेत, त्याच काळची अवजारं आणि पद्धती वापरून. सुरुवातीला लोक याला वेडेपणा म्हणाले. रिकामटेकड्यांची हौस, पर्यटकांसाठी मांडलेला खेळ. त्या खेळात तयार झालेले सुतार नोत्र दामच्या कामावर आले. सप्टेंबर 2020 मध्ये कॅथेड्रलसमोरच्या चौकात 'सीमा नसलेले सुतार' अशा अर्थाचं नाव असलेल्या संघटनेच्या मंडळींनी जुन्या छतातली सात नंबरची कैची, म्हणजे छत पेलणारी त्रिकोणी लाकडी चौकट, जशीच्या तशी करून दाखवली. सूत मारून ओंडक्यावर रेघ पाडायची, ओंडक्यावर उभं राहून रेघेपर्यंत खाचा घ्यायच्या, मग रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने मधला भाग उडवत मागे मागे सरकत जायचं. शेवटी दोर लावून, माणसांच्या जोरावर ती कैची लोकांसमोर उभी केली. इतकं काम हाताने वेळेत होईल का, ही शंका त्या चौकात बरीचशी विरली.

मापं कुठून आणली, हेही सांगण्यासारखं आहे. 2014 मध्ये रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतसो या दोन वास्तुविशारदांनी त्या अंधाऱ्या माळ्यावर चढून एकेका कैचीची मोजणी केली होती. त्याआधी अँड्र्यू टॅलन या अमेरिकी कला-इतिहासकाराने लेझर लावून अख्ख्या इमारतीचे अब्जावर बिंदू टिपून ठेवले होते. टॅलन आगीच्या काही महिने आधी वारले. आग लागणार हे यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. कुणी मागितलेलं नसताना केलेलं काम.

मग सुमारे दोन हजार ओक निवडले गेले. वसंतात झाडात रस चढायच्या आत, म्हणजे मार्च 2021 पर्यंत, शिखराचे ओक पाडून झाले. त्यातले काही दोनशे वर्षांचे होते. एकेकाळी आरमाराला लाकूड मिळावं म्हणून राखलेल्या बेर्सेच्या जंगलातूनही झाडं आली. मुख्य दालन आणि वेदीवरच्या छताच्या तुळया मध्ययुगातल्यासारख्या कुऱ्हाडीने तासल्या, आणि त्यासाठी लोहारांकडून खास कुऱ्हाडी घडवून घेतल्या. शिखराच्या मात्र करवतीने कापल्या, कारण व्हियोले-ल-द्युकच्या काळात तसंच करत. क्रेन होत्या, संगणक होते, ट्रक होते. नाटक कुणी केलं नाही. पण कामाच्या अखेरीला फ्रान्समध्ये असे कितीतरी तरुण सुतार, पाथरवट, शिशाचे पत्रे बसवणारे कारागीर आहेत ज्यांनी हे काम पुस्तकात वाचलेलं नाही, केलेलं आहे. लोखंडाचा सांगाडा उभा केला असता तर छत मिळालं असतं, हे मिळालं नसतं.

इथे मला आमच्या गावचं देऊळ आठवतं. आपल्याकडे 'जीर्णोद्धार' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, तो त्यामुळेच. सभामंडपाला सुरूच्या झाडासारख्या घाटाचे सागवानी खांब होते, वर केळफुलाची नक्षी. कमिटीने वर्गणी काढली, खांब काढले, सिमेंटचे उभे केले, खाली गुळगुळीत फरशा घातल्या आणि वर पिवळा ऑइलपेंट. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सगळ्यांनी भक्तिभावाने पैसे दिले, माझ्या वडिलांनीही दिले. खांब मागच्या बाजूला दोन पावसाळे पडून होते. एकाची नंतर गोठ्याला चौकट झाली. खांब गेले याचं दुःख आहेच, पण जास्त बोचतं ते हे की आता उद्या कुणाला उपरती झाली, पैसे आले, सागही आणलं, तरी तशा खांबाचा सांधा बसवणारा सुतार तालुक्यात सापडणार नाही. प्लायवूडवर सनमायका चिकटवणारे पाहिजे तेवढे आहेत.

नोत्र दामची बाजू घेतो म्हणजे तिथलं सगळं मला मान्य आहे असं नाही. पैशाची गोष्ट तर विचित्र आहे. 1905 च्या कायद्यापासून फ्रान्समधली कॅथेड्रल सरकारच्या मालकीची आहेत. चर्च फक्त वापरतं. सरकार आपल्या इमारतींचा विमा उतरवत नाही, काही झालं तर खर्च त्याचाच. आगीच्या आधी या इमारतीच्या देखभालीसाठी सरकार वर्षाला सुमारे 20 लाख युरो देत होतं. दगड ढासळत होते, पावसाचं पाणी वाहून नेणारी दगडी तोंडं तुटून त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे पाइप लावले होते. 2017 मध्ये मित्रमंडळासारखी संस्था काढून कोट्यवधी युरोंसाठी अमेरिकेत वगैरे झोळी फिरवावी लागली. आणि शिखर पडल्यावर? अब्जाधीश उद्योगपती फ्रान्स्वा पिनो यांच्या घराण्याने 10 कोटी युरो जाहीर केले, तसेच अब्जाधीश बर्नार आर्नो यांच्याकडून 20 कोटी, लॉरेआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या मालकांकडून आणखी 20 कोटी. सगळे मिळून 3 लाख 40 हजार दात्यांचे सुमारे 84.6 कोटी युरो जमले. तेव्हा पिवळे जॅकेट घालून महागाईविरुद्ध दर शनिवारी रस्त्यावर उतरणारे लोक विचारत होते की दगडांसाठी एका रात्रीत एवढे निघतात, माणसांसाठी का निघत नाहीत? प्रश्न बोचरा होता. त्यात करसवलतीचा मुद्दा निघाला तेव्हा पिनो यांनी सवलत नको म्हणून सांगितलं.

मला त्या प्रश्नाची दुसरी बाजू जास्त छळते. हेच पैसे, याच्या दहाव्या हिश्शानेसुद्धा, आधी आले असते तर? माळ्यावर तुषारसिंचन नव्हतं, आग पसरू नये म्हणून मध्ये भिंती नव्हत्या. ओक सावकाश जळतो, तोवर माणसं पोचतील, असा भरवसा होता. पॅरिसच्या घड्याळात संध्याकाळी सव्वासहानंतर पहिला इशारा वाजला, तेव्हा तपासायला गेलेला माणूस दुसऱ्याच माळ्यावर पोचला. अर्धा तास गेला. अग्निशामक दलाला फोन झाला तेव्हा सात वाजायला आले होते. मग मात्र त्या जवानांनी कमाल केली. घंटा टांगलेल्या उत्तर मनोऱ्यातल्या लाकडाने पेट घेतला होता. ते सांगाडे कोसळले असते तर टनावारी वजनाच्या घंटा खाली आल्या असत्या आणि मनोरा घेऊन गेल्या असत्या. जवान आत चढले आणि मनोरा वाचला. आग कशाने लागली ते तपासात आजवर पक्कं झालेलं नाही. विजेतला बिघाड किंवा न विझलेली सिगारेट, एवढ्यावरच गोष्ट थांबली आहे. आता नव्या छतात पाण्याचे तुषार सोडणाऱ्या नळ्या आहेत, आग अडवणाऱ्या आडभिंती आहेत.

शिशाबद्दल तर मी जसंच्या तसंवाल्यांच्या विरोधात आहे. छत आणि शिखर मिळून चारशे टनांहून अधिक शिसं आगीत सापडलं. त्याची धूळ आजूबाजूच्या वस्तीत, शाळांच्या आवारात पोचली; जुलै 2019 मध्ये त्यापायी काम काही आठवडे बंद ठेवावं लागलं. तरी पुन्हा शिशाचेच पत्रे घातले. शार्त्रला तांबं चाललं होतं की! शिशाचं काम करणाऱ्यांचंही कसब जगलं पाहिजे हे मला मान्य आहे, पण कारागिराच्या आणि शेजारच्या पोरांच्या रक्तात जाणारी गोष्ट कसबाच्या नावाखाली खपवता येत नाही. माझ्याच युक्तिवादाला इथे मर्यादा पडते, ती मी मान्य करतो.

सगळा खर्च भागून 14-15 कोटी युरो उरले. ते बाहेरच्या बाजूच्या कामासाठी, आगीच्या आधीपासून रखडलेल्या दुरुस्त्यांसाठी वापरायचं ठरलं. म्हणजे जी डागडुजी झोळी फिरवूनही होत नव्हती ती आता आगीच्या कृपेने होणार. दुसरीकडे फ्रान्समध्ये गावोगावची हजारो चर्चेस नगरपालिकांच्या गळ्यात आहेत आणि लहान गावांना ती झेपत नाहीत. सांस्कृतिक मंत्री रशिदा दाती यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं की नोत्र दाम बघायला येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यावे आणि त्यातून बाकीच्या चर्चेसची डागडुजी करावी. चर्चने ठाम नकार दिला. देवाच्या दारी तिकीट नाही. तत्त्व मला समजतं. आपल्याकडे व्हीआयपी दर्शनाचे दरफलक वाचल्यावर तर जास्तच समजतं. पण गळणाऱ्या गावच्या चर्चला त्या तत्त्वाचा काय उपयोग, हे कुणी सांगितलं नाही.

आणि आता खिडक्या. डिसेंबर 2023 मध्ये मॅक्रॉन यांनी जाहीर केलं की दक्षिणेकडच्या बाजूच्या सहा छोट्या प्रार्थनाकक्षांमधल्या खिडक्या काढून तिथे आजच्या कलावंताच्या रंगीत काचा बसवायच्या. या खिडक्या व्हियोले-ल-द्युकच्याच, फिकट रंगांच्या, नक्षीदार. लाखाहून अधिक लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. जुलै 2024 मध्ये वारसा समितीने नकार दिला. तरी डिसेंबरमध्ये क्लेअर ताबुरे या चित्रकर्तीची निवड जाहीर झाली. समर्थक म्हणतात, प्रत्येक काळाने या इमारतीत भर घातली, आमच्या काळाने का घालू नये? घालावी की. आगीत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या वेदीच्या जागी गिलोम बार्दे यांनी घडवलेली काशाची नवी, साधी वेदी आली. ती अगदी आजची आहे आणि तिथे शोभते. तिथली जागा रिकामी झाली होती. या सहा खिडक्यांना आगीची झळ लागलेली नाही. ज्या सरकारने व्हियोले-ल-द्युकचं शिखर म्हणजे वारसा म्हणून इंच न इंच परत उभं केलं, तेच सरकार त्याच्याच शाबूत काचा उतरवायला निघालं आहे, कारण अध्यक्षांना आपल्या कारकिर्दीची काही खूण मागे ठेवायची आहे. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

कुणी म्हणेल, तुमचं म्हणणं हातांना काम मिळावं हेच ना? मग नव्या काचा करताना काचकारागिरांनाही काम मिळेलच. मिळेल, आणि मिळायलाच हवं. हे काम रॅन्समधल्या ज्या जुन्या कार्यशाळेकडे गेलं आहे तिथली माणसं उत्तम आहेत यातही शंका नाही. ताबुरे यांची चित्रंही वाईट नसतील. पण शाबूत खिडक्या काढून कशाला? नॉर्मंडीपासून ओव्हेर्न्यपर्यंत किती गावच्या चर्चेसना काचा बदलून हव्या असतील. एखाद्या सरपंचाला फोन करून विचारलं तर तो मापंही लगेच पाठवील.